काठावरचे अंबादासपंत

माझं नाव आयुष्यात एकदाच छापून आलं, आणि तेही पोटामुळे. नाव तरी कुठलं, नुसता हुद्दा आला. कळमनुरीच्या शाळेत मी तेव्हा नुकताच ड्रिलमास्तर म्हणून लागलो होतो. ड्रिलमास्तर झाला की माणूस आपोआप पहिलवान होतो असा माझा भाबडा समज, आणि तो समज उराशी धरून मी माघातल्या जत्रेत आखाड्यात उतरलो. पुढं काय झालं ते मला नीटसं आठवत नाही. पण आठवड्याभरानं हैदराबादहून निघणारं मराठी साप्ताहिक गावात आलं आणि ज्याला आठवत नव्हतं त्यालाही आठवू लागलं. त्यात 'काठावरून' नावाचं कुस्त्यांचं सदर असायचं. सदरात लिहिलं होतं: "कळमनुरीचे ड्रिलमास्तर यांचे पोट प्रथम आखाड्यात आले. मागोमाग स्वतः मास्तर आले. सलामी झाली. नंतर मास्तरांना आकाश दिसले. आकाश निरभ्र होते."

झालं! हेडमास्तर रोज सकाळी हजेरीच्या वेळी मला विचारायचे, काय मास्तर, आज आकाश कसं आहे? पोरं कवायतीत मान वर करून उभी राहायची आणि फिसकन हसायची. बायकोनं पहिले दोन दिवस तोंडावर पदर घेतला, तिसऱ्या दिवशी तिनंही विचारलं.

सदराखाली लिहिणाऱ्याची सही असायची, 'काठावरचा'. मी पेटलोच. असा कोण मोठा रुस्तुम लागून गेला ते एकदा बघावं म्हणून चौकशी करत निघालो. माझ्या मनात कोणी सहाफुटी, गलमिशावाला, कान मोडलेला जुना मल्ल होता. सापडले ते तहसील कचेरीतले कारकून अंबादासपंत. दिवसभर उर्दूत सरकारी कागद खरडायचे आणि संध्याकाळी मराठीत कुस्त्या. अंगानं इतके वाळके की कोटाच्या आत माणूस आहे की खुंटी, ते बोलल्याशिवाय कळू नये. भांडायला गेलेला मी दारात नुसता उभाच राहिलो. ते म्हणाले, "या मास्तर, बसा. तुम्ही निदान आत तरी उतरलात. मला तर काठावरूनच आकाश दिसतं."

अशा माणसाशी भांडण काय करणार? मी चहा पिऊन परत आलो, आणि दुसऱ्या दिवशी न बोलावता पुन्हा गेलो. पुढं जिथं कुठं कुस्त्यांचा फड असेल तिथं माझ्या सायकलीवर मागं बसून पंत यायचे. मी पायडल मारायचो, ते छत्री धरायचे. चढ आला की मी धापा टाकायचो आणि मागून पंत म्हणायचे, "मास्तर, थांबू नका, वारा आपल्या बाजूचा आहे, फार तर मी उडून जाईन."

छत्री त्यांच्या हातातून बारा महिने सुटायची नाही. फडाला पोचले की काठावर रॉकेलचा रिकामा डबा पालथा घालायचे, चपला काढायच्या, आखाड्याची चिमूटभर माती कपाळाला लावायची आणि डब्यावर बसायचं. आखाड्यात मात्र पाऊल टाकायचे नाहीत. एकदा एका पहिलवानानं आग्रह केला, पंत, दोन पावलं आत या, फेटा तुमच्या हातनं बांधा. पंत म्हणाले, "मी आत आलो तर लोकांना वाटंल पुढची कुस्ती माझी. हसून हसून फड मोडंल." खिशात भुईमुगाच्या शेंगा असायच्या. कुस्ती रटाळ असली की टरफलं सावकाश पडायची, रंगली की पटापट. मी तर आखाड्याकडं कमी आणि टरफलांकडं जास्त बघायचो, कारण कुस्ती मला कधी कळलीच नाही. ती मला फक्त लागली.

पंतांना कुस्ती कळायची, आणि हेच कळणं त्यांना एकदा भोवलं.

झालं होतं असं. जत्रेतली सगळ्यात मोठी कुस्ती लागायची दिवस मावळतीला आणि टपालाची मोटार नांदेडकडं सुटायची भर दुपारी. ती चुकली की मजकूर हैदराबादेला वेळेवर पोचायचा नाही आणि 'काठावरून'ची जागा रिकामी जायची. मग पंत काय करायचे? सकाळी दोन्ही पहिलवानांचा मेहनतीचा घाम बघायचे, चाल बघायची, बसल्या बसल्या विचार करायचे आणि संध्याकाळची कुस्ती दुपारीच लिहून टाकायचे. कोण कुठला डाव टाकणार, कोण कसा पडणार, सगळं. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा तोंडात बोट घातलं. पंत म्हणाले, "काहून घाबरता? अहो, कारकून आहे मी. घडण्याआधी लिहून ठेवलं की कामाचा निपटारा होतो." आणि संध्याकाळी कुस्ती अगदी त्यांनी लिहिल्यासारखीच व्हायची. कित्येक वर्षं हे बिनबोभाट चाललं. पहिलवान जणू पंतांनी दुपारी लिहिलेलं वाचूनच उतरायचे.

मग आला सखाराम.

सखाराम शिरड शहापूरचा. घरची थोडी शेती, अंगात ताकद, पण एक जुनी खोड. सलामी झाली की डावा पाय पुढं टाकून उभा राहायचा. समोरचा जरा तयारीचा असला की तोच पाय धरायचा, एकेरी पट काढायचा आणि सखाराम आडवा. त्याचे वडील गणोजीबाबा एके काळचे नावाजलेले पहिलवान. त्यांनी ही खोड मोडायला पोराला रागं भरून बघितलं, काठीनं मारून बघितलं, शेवटी झाडावरून पडून बाबांचंच कंबरडं मोडलं आणि ते बाजेवर पडले. तेव्हापासून सखाराम फडाहून घरी आला की बाप एकच विचारायचा, आज कंचा पाय टाकला?

त्या वर्षी कळमनुरीला सखारामची कुस्ती लागली वाशीमच्या भुजंगाशी. भुजंगा म्हणजे वऱ्हाडातलं मोठं नाव. पंतांनी दुपारी डोळे मिटून लिहून टाकलं: सखारामने नेहमीप्रमाणे डावा पाय पुढे टाकला, भुजंगाने तो धरला, एकेरी पट काढला, सखाराम चितपट. मोटार सुटली. पंत शेंगा घेऊन निवांत डब्यावर बसले.

आणि त्या पठ्ठ्यानं उजवा पाय टाकला!

भुजंगा डाव्या पायावर झेपावला तो पाय जागेवर नव्हताच. सखारामनं त्याला काखेत घेऊन अशी ढाक मारली की भुजंगाची पाठ मातीला लागल्याचा आवाज मलासुद्धा ऐकू आला. फड नाचायला लागला. फेटे उडाले, हलगी वाजली, सखारामला खांद्यावर घेऊन लोक निघाले. पंत तेवढे डब्यावर बसून होते. मूठभर शेंगा तशाच हातात. म्हणाले, "मास्तर, तुमच्या सायकलीवर टपालाची मोटार गाठता येईल का हो?" मी म्हटलं, पंत, ती आता नांदेडात पोचली. ते म्हणाले, "मग भुजंगा जिंकला."

हसलो आम्ही तेव्हा. पुढं काय वाढून ठेवलंय याची कल्पना असती तर हसलो नसतो.

साप्ताहिक शिरड शहापूरला पोचलं. गणोजीबाबांना वाचता यायचं नाही, पण 'काठावरून' ते शाळेतल्या गुरुजींकडून दर आठवड्याला वाचून घ्यायचे. बाजेवर पडल्यापासून त्यांना तेवढाच आखाडा उरला होता. 'काठावरचा' म्हणजे त्यांच्या लेखी देवमाणूस. सखाराम फेटा बांधून, हातात चांदीचं कडं घालून घरी आला होता, बाबा मी जिंकलो म्हणाला होता, म्हाताऱ्यानं गावात गूळ वाटला होता. आणि आठवड्यानं गुरुजींनी वाचलं, सखाराम चितपट.

गावातल्या ज्यांनी कुस्ती बघितली होती त्यांनी परोपरीनं सांगितलं. म्हातारा म्हणाला, तुमी माझं मन राखून राहिले. डावा पाय पुढं टाकला म्हून लिवलंय. ही त्याची खोड पाहिल्याबिगर लिहिणाऱ्याला कळंल कशी? फेटा काय, बाजारात मिळतो. हरल्याचं दुःख न्हाई, पहिलवान हरतोच. पण माझं पोरगं खोटं बोललं. आणि त्या दिवसापासून म्हाताऱ्यानं लेकाशी बोलणं टाकलं. लेकानं पाणी दिलं तर भिंतीकडं तोंड करायचा.

सखाराम हे सांगायला कळमनुरीला आला तेव्हा मी पंतांकडंच बसलेलो. तो आरडाओरडा करेल, पंतांची मानगूट धरेल म्हणून मी उठून मधे उभा राहिलो, म्हणजे माझं पोट मधे उभं राहिलं. पण तो खाली मान घालून बसला आणि म्हणाला, "पंत, आयुष्यात एकदा बापाचं ऐकलं. तेवढंच तुमी पुसून टाकलं."

पंतांचा चेहरा मी विसरलेलो नाही. त्या दिवशी त्यांनी विनोद केला नाही.

त्यांनी साप्ताहिकाला दुरुस्ती पाठवली. संपादकांचं उत्तर आलं की आमच्या पत्रात दुरुस्ती छापण्याची पद्धत नाही, तिनं वाचकांचा विश्वास उडतो. पंतांनी पुन्हा पाठवली, पुन्हा तेच. मग एके दिवशी ते बाजारातल्या पत्रेवाल्याकडं गेले आणि तुपाच्या डब्यांचा पत्रा जोडून एक लांबलचक भोंगा करून आणला. मी विचारलं, हे काय? म्हणाले, "कागद ऐकत नाही, तर हवेत लिहितो."

पहिला प्रयोग कळमनुरीच्या आठवडी बाजारात. पंतांचा आवाज मुळात किनरा, चिमटीत धरावा असा. भोंग्यातून तो मोठा झाला खरा, पण किनराच राहिला. त्यांनी डब्यावर उभं राहून "ऐका हो ऐका" म्हणताच निम्मा बाजार पळाला. लोकांना वाटलं, देवी टोचायला सरकारी माणसं आली. बाया लेकरं बगलेत मारून पळाल्या, एक मिरच्यावाली पाटी टाकून पळाली. मी तिच्या मिरच्या राखत बसलो आणि पंत उरलेल्या शेळ्यांना सांगत होते की सखाराम जिंकला, काठावरचा चुकला. असे आम्ही बाजार धरून फिरलो, पार कनेरगाव नाक्यापर्यंत. हळूहळू लोक पळायचे थांबले, मग बसायला लागले, मग हसायला लागले. कारण पंत नुसती दुरुस्ती सांगायचे नाहीत. आपण दुपारी बसून संध्याकाळची कुस्ती कशी लिहिली, भुजंगा आडवा झाल्यावर आपलं तोंड कसं झालं, याचं साग्रसंगीत वर्णन करायचे. स्वतःची इतकी बेअब्रू करायचे की ऐकणाऱ्याला त्यांची कीव येऊन तोच त्यांना शेंगा द्यायचा.

आणि शेवटी आम्ही शिरड शहापूरला गेलो. तीच आमची सगळ्यात मोठी घोडचूक.

पंत थेट गणोजीबाबांच्या बाजेसमोर जाऊन उभे राहिले. छत्री, भोंगा, वाळका कोट. म्हणाले, बाबा, मीच तो काठावरचा. म्हाताऱ्यानं त्यांना डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. मग मला बघितलं. मग सखारामकडं न बघता म्हणाला, "आता दवंडीवाला भाड्यानं आणला का? काठावरचा म्हंजे असा असतो व्हय? वाघ असंल तो, वाघ. ह्या छत्रीवाल्याला घालवा."

पंतांनी भोंगा तोंडाला लावून उजव्या पायाचं सांगायचा प्रयत्न केला, तेव्हा म्हाताऱ्यानं उशाचा तांब्या फेकला. नेम चुकला आणि मला लागला. परतीच्या वाटेवर पंतांनी मागं बसून भोंगा मांडीवर घेतला. मग म्हणाले, "मास्तर, काय वजन आहे माझं! आधी लिहून पोराला हरवलं, आता बोलून लबाड ठरवलं."

एवढं मात्र झालं की पंत बोलायला लागले. फडाचे लोक आपणहून बोलावू लागले, पंत, भोंगा घेऊन या, चालू कुस्ती सांगा. असं आमच्या भागात आधी कोणी केलं नव्हतं. मागं बसलेल्या, झाडावर चढलेल्या, नजर अधू झालेल्या माणसालाही कुस्ती दिसायला लागली. दर फडाला सुरुवात ठरलेली: "काठावरचा बोलतोय मंडळी. मागं एकदा चुकलो, आजबी चुकीन. आपापले डोळे उघडे ठेवा." आणि एक नेम त्यांनी स्वतःला घालून घेतला. काठावरच्यानं कुस्तीत तोंड घालायचं नाही. जे झालं तेच सांगायचं, आणि झाल्यावर. सदरातही ते आता फक्त बघितलेलं लिहायचे. मोटार चुकली तर चुकली. संपादक कुरकुरायचे, पण सदर लोकांच्या तोंडी होतं, म्हणून चालवून घ्यायचे.

दोन वर्षं गेली. म्हातारा बोलेना. सखारामच्या घरी पाळणा हलला, तरी बोलेना.

आणि मग हैदराबादच्या रेडिओवरून पंतांना बोलावणं आलं. 'मराठवाड्यातील मर्दानी खेळ' या विषयावर भाषण. कसं कोण जाणे, भोंग्याची कीर्ती तिथवर गेली होती. पंतांनी मजकूर लिहून आधी मंजुरीला पाठवला. तिथली शिस्त कडक, मंजूर कागदावरचा शब्द न् शब्द वाचायचा, वर एक अक्षर नाही. पंतांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, त्यांचा कोट उलटून शिवला. म्हणाल्या, दिसणार नाही कोणाला, पण तुमचं तुम्हाला बरं वाटेल.

ते निघायच्या आदल्या दिवशी सखारामचा निरोप आला. बाबांच्या कानावर गेलंय की काठावरचा हैदराबादेहून बोलणार. म्हातारा हट्टाला पेटलाय की मरायच्या आत खऱ्या काठावरच्याचा आवाज ऐकायचा, मला हिंगोलीला न्या. हिंगोलीला एका कापसाच्या जिनिंगच्या शेटजींकडं रेडिओ होता. सखाराम बैलगाडीनं नेणार होता. बाप गाडीत बसायला तयार झाला होता, बोलायला नव्हे.

मी हे पंतांना सांगितलं तेव्हा ते शेंगा सोलत होते. टरफलं अशी भराभर पडायला लागली की मी समजलो. म्हटलं, पंत, कागदावर आहे का सखारामचं? ते म्हणाले, नाही, मंजुरीत काटलं त्यांनी, खासगी बाब म्हणून. मी म्हटलं, मग? शेंगा संपल्या होत्या, तरी बोटं सोलतच होती.

हिंगोलीला जिनिंगच्या आवारात लिंबाच्या झाडाला तार बांधलेली, ओट्यावर रेडिओ, समोर हीऽ गर्दी. रेडिओ सांभाळायला मुनीरमियाँ नावाचे मिस्त्री. कोणी जवळ सरकलं की ते म्हणायचे, "ठैरो जी, फूंक से बी बिगडता." गणोजीबाबांना गाडीतून उतरवायला मी पुढं झालो. म्हाताऱ्यानं मला ओळखलं नाही. माझ्या पोटाला टेकून तो ओट्याशी बसला, आणि खरं सांगतो, माझ्या देहाचा एवढा चोख उपयोग त्याआधी कधी झाला नव्हता. सखाराम मागं, खांबाआड उभा होता.

खरखर झाली, शिट्ट्या झाल्या, आणि आवाज आला. तोच किनरा, चिमटीत धरावा असा. भाषण चाललं छापील. मर्दानी खेळांची परंपरा, शरीरसंपदेचे महत्त्व, वगैरे वगैरे. हे पंत बोलतायत यावर माझा विश्वास बसेना. लोक चुळबुळ करायला लागले. म्हातारा कान रेडिओकडं करून, कपाळाला आठी घालून बसला होता. भाषण आटपत आलं, आणि मला वाटलं, गेलं, सगळं गेलं.

मग कागद खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आता बोलतो ते कागदावर न्हाई," रेडिओ म्हणाला. "काठावरचा बोलतोय मंडळी. कळमनुरीच्या जत्रंत शिरड शहापूरच्या सखारामनं वाशीमच्या भुजंगाला चित केलं. मी कुस्ती बघायच्या आधीच उलटं लिहून मोकळा झालो होतो. त्याची डाव्या पायाची खोड मला माहीत होती, म्हणून लिहिलं. पण गणोजीबाबा, त्या दिवशी त्यानं उजवा..." मागून कोणीतरी उर्दूत ओरडलं, खुर्ची पडल्यासारखं वाजलं, आणि घाईघाईनं "...उजवा टाकला बाबा, उजवा" एवढं आलं. मग सनईची तबकडी लागली.

मुनीरमियाँनी दोन्ही हात वर केले, मैं कुछ नई किया.

म्हातारा रेडिओकडं बघत होता. सावकाश म्हणाला, "हा तर छत्रीवाला." मग मान न वळवता म्हणाला, "सखा, उजवा टाकला व्हता?"

खांबाआडून सखाराम म्हणाला, "व्हय."

"मंग सांगायचं न्हाई?"

"सांगितलं बाबा. रोज सांगितलं."

म्हाताऱ्यानं हात मागं केला, आंधळ्यानं चाचपावा तसा, आणि सखारामनं येऊन तो धरला. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. म्हातारा टेकलेला असल्यानं मला पुसताही येईना.

पंत परत आले ते दोन्हीकडून मोकळे होऊन. रेडिओनं पुन्हा कधी बोलावलं नाही. साप्ताहिकानंही सदर बंद केलं, कारण पत्राची चूक त्यांनी साऱ्या मुलखाला ऐकवली होती. मी हळहळलो. पंत म्हणाले, "दोन्ही कामं एका पायापायी गेली मास्तर, आणि तो पायबी माझा नाही." आणि जोरजोरात हसले. पण त्या गुरुवारी साप्ताहिक यायच्या वेळेला ते टपाल कचेरीपर्यंत सवयीनं चालत गेले आणि तसेच माघारी आले, हे मी बघितलं. गणोजीबाबा त्याच पावसाळ्यात गेले. सखारामच्या मांडीवर डोकं ठेवून गेले, असं ऐकलं.

पुढं रझाकारीचे दिवस आले. चार माणसं जमायची चोरी, तिथं फड कुठला? निम्मी माणसं सीमेपलीकडं वऱ्हाडात गेली. आखाड्यात गवत वाढलं. काकू भोंग्यानं कणगीत ज्वारी ओतायच्या. पंत म्हणायचे, बरं आहे, तोंडातून काही खरं बाहेर पडतंय.

पोलीस ॲक्शन झाली, निजामी गेली, आणि त्या हिवाळ्यात कळमनुरीला पहिला फड भरला. माणसं आली ढीगभर, पण पहिलवानच नव्हते. तालमी ओस पडलेल्या, तयारी कोणाची नाही. एक कनेरगाव नाक्याचा तरणाबांड गडी तेवढा लंगोट लावून उभा. त्याच्याशी धरायला कोणी उठेना. फड न लागताच मोडतो की काय असं झालं, तेव्हा गर्दीतून सखाराम उठला. कानशिलं पांढरी, अंग सुटलेलं. म्हणाला, आखाडा रिकामा ऱ्हायला नको.

पंत डब्यावर बसून होते. भोंगा तोंडाला लावून म्हणाले, काठावरचा बोलतोय मंडळी. पुढचं नेहमीचं म्हणायला त्यांचा श्वास पुरला नाही. ते फार थकले होते.

सलामी झाली. आणि सखारामनं डावा पाय पुढं टाकला.

मलासुद्धा दिसलं. कुस्तीतलं मला तेवढं एकच कळतं, ते त्याच्यामुळंच. मी पंतांकडं बघितलं. एक शब्द पुरे होता. 'उजवा' म्हटलं की झालं. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. काठावरच्यानं कुस्तीत तोंड घालायचं नाही. समोरच्या पोरानं वाकून पाय धरला, एकेरी पट काढला, आणि सखाराम उताणा.

सगळा फड पंतांकडं बघायला लागला. निकाल त्यांनी सांगायचा होता. त्यांनी भोंगा पुन्हा तोंडाला लावला. आणि सांगितलं, शब्द न् शब्द, जसं झालं तसं: सखारामने डावा पाय पुढे टाकला, कनेरगावच्या गड्याने तो धरला, एकेरी पट काढला, सखाराम चितपट.

सखाराम आडवा होता तिथंच हसायला लागला. उठला, अंगाची माती झटकली नाही, तसाच काठाशी आला. म्हणाला, "पंत, तुमी लिवलं व्हतं तेच झालं बगा. जरा उशीर झाला, एवढंच."

पंतांनी भोंगा खाली ठेवला. छत्री माझ्याकडं दिली. ती त्यांनी कोणाच्या हातात दिलेली मी पहिल्यांदाच बघत होतो. आणि कपाळाला माती लावून ते आखाड्यात उतरले. वाळकं अंग, उलटून शिवलेला कोट, अनवाणी. लोकांना वाटलं आता काही गंमत करतील, म्हणून हसू फुटलं. पण पंत पोचले आणि त्यांनी सखारामला मिठी मारली. मारली म्हणजे काय, त्या धिप्पाड देहाला दोन काटक्या चिकटल्या. सखारामनं त्यांना लेकरासारखं उचललं, खांद्यावर घेतलं आणि आखाड्याला एक फेरी मारली. हलगीवाल्यालाही कळेना वाजवावं की नाही. शेवटी त्यानं वाजवली.

फड उठला तेव्हा मी सायकल काढली. पंत म्हणाले, आज चालत जातो. मी वळून बघितलं. उतरत्या उन्हात ते गावाकडं चालले होते. छत्री माझ्याकडंच राहिली होती, म्हणून त्यांनी भोंगा टोपीसारखा डोक्यावर पालथा घातला होता. मागून त्यांच्या पाठीला लागलेली सखारामच्या अंगाची माती तेवढी दिसत होती. पुढं उन्हाळ्याच्या सुट्टीत मी सासुरवाडीला गेलो होतो, तेव्हा पंत गेले.

छत्री अजून माझ्याकडं आहे.